चेंडू खाली येईपर्यंत

२००१च्या ऑगस्टमध्ये मी नागपूरहून न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला आले, संख्याशास्त्रात पीएच.डी. करायला. विभागानं नव्या विद्यार्थ्यांना कामं वाटून दिली. कुणाला पेपर तपासायला मिळाले, कुणाला एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखालचं काम मिळालं. माझ्या वाट्याला विद्यापीठाच्या खेळाडूंची शिकवणी आली. स्टेडियमशेजारच्या इमारतीत एक लांबट खोली होती. सराव आटोपून मुलं तिथं ओल्या केसांनी पुस्तकं उघडून बसायची. बहुतेकांना खुर्च्या लहान पडत. खोलीत कायम साबणाचा आणि सांध्यांना चोळायच्या मलमाचा वास असे.

अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघी मराठी मुली राहायचो. त्यातली पुण्याची होती ती म्हणाली, "फुटबॉलवाल्यांना स्टॅट्स? पास करून टाक ना यार. त्यांना कुठं पुढं यूज करायचंय."

माझ्या टेबलावर आलेला मुलगा त्या खोलीतला सगळ्यांत बुटका होता. दक्षिण न्यू जर्सीतल्या एका शेतीच्या गावचा काळा मुलगा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. आई शाळेची बस चालवायची. तो कमी बोलायचा आणि प्रश्न विचारला की उत्तर द्यायच्या आधी थोडा वेळ छताकडं बघायचा. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं, तू संघात नेमकं काय करतोस. मला अमेरिकन फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. लांबट चेंडू, हेल्मेट आणि धक्काबुक्की एवढंच टीव्हीवर पाहिलेलं.

"मी किक परत आणतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"समोरचे चेंडूला लाथ मारतात. तो उंच जातो. मी इकडं लांब एकटा उभा असतो. तो झेलायचा आणि उलटं त्यांच्याच दिशेनं पळायचं."

"आणि ते काय करतात तेव्हा?"

"ते मला पाडायला येत असतात. अकरा जण, पूर्ण वेगात. मी मात्र वर बघत असतो."

मग त्यानं टेबलावर पाण्याची बाटली आणि पेन्सिली मांडून मला एक नियम समजावला. चेंडू हवेत असताना झेलणाऱ्यानं हात वर करून हलवला तर त्याला कुणी धक्का लावायचा नाही. पण मग त्यालाही पळता येत नाही. झेलला तिथंच खेळ थांबतो.

"मग तू हात वर का करत नाहीस?"

"केला तर मला संघात कशाला ठेवतील?" तो म्हणाला. त्यानं पेन्सिली उचलल्या आणि आम्ही सरासरी आणि मध्यक यांतला फरक शिकायला घेतला.

त्या सप्टेंबरात एक आठवडा देशभर सामने झालेच नाहीत, त्याचं कारण सांगायला नको. आम्ही चौघींनी काही दिवस बाहेर पडणं कमी केलं होतं. बसस्टॉपवर माझ्यावर कुणीतरी गाडीतून ओरडून गेलं, आणि हे मी शिकवणीला उशीर का झाला एवढ्यापुरतंच त्याला सांगितलं. त्या दिवसापासून शिकवणी संपली की तो बसस्टॉपपर्यंत माझ्याबरोबर यायचा. फारसं बोलायचा नाही. बस आली की मान हलवून परत फिरायचा. हे दोनेक महिने चाललं, मग थंडी वाढली, लोक निवळले आणि त्याची गरजही उरली नाही.

मी पहिला सामना ऑक्टोबरात पाहिला. आमचा संघ त्या वर्षांत बहुतेक सामने हरत असे. लोक मध्यंतरानंतर उठून पार्किंगकडं जायला लागायचे. पण समोरच्यांनी चेंडू लाथाडायची तयारी केली की जाणारे जिन्यावर थांबायचे आणि वळून बघायचे. मैदानाच्या एका टोकाला तो एकटा, गुडघे किंचित वाकवून. चेंडू वर जायचा आणि तो खाली येईपर्यंत काही घडत नसे, फक्त समोरची माणसं मोठी मोठी होत जवळ येत. मग तो झेलायचा, पहिल्याला चुकवायचा, कधी दुसऱ्यालाही, आणि कुणाच्या तरी खाली गाडला जायचा. उठून हातातला चेंडू पंचांकडं टाकायचा आणि बाहेर जायचा. मी त्याला कधी हात वर करताना पाहिलं नाही. शेवटच्या वर्षी एकदा तो सगळ्यांना चुकवून मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि गुण मिळवून आला. तो सामनाही आम्ही हरलोच, पण त्या संध्याकाळी कॅम्पसच्या बसमध्ये लोक फक्त त्याच्याबद्दल बोलत होते.

संख्याशास्त्रात त्याला 'बी' मिळाला, स्वतःच्या मेहनतीनं. त्यानंतर त्याला माझी शिकवणी लागत नव्हती, तरी तो अधूनमधून टेबलाशी येऊन बसायचा. माझे बाबा नागपूरला महापालिकेच्या शाळेत पी.टी.चे शिक्षक होते आणि कबड्डीचा संघ तयार करायचे, हे कळल्यावर त्याला त्या खेळाबद्दल फार कुतूहल वाटलं. मी त्याला समजावलं: एक जण एका दमात समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात जातो, शिवून परत यायचं, बाकीचे त्याला धरायला टपलेले.

"आणि धरलं तर?"

"बाद. बाहेर बसायचं."

"कायमचं?"

"नाही. आपल्यातल्या कुणी त्यांचा गडी बाद केला की पुन्हा आत."

तो नेहमीसारखा छताकडं बघत राहिला. "बरा खेळ आहे," म्हणाला.

२००४मध्ये त्याची पदवी झाली. व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात त्याचं नाव आलं नाही, पण पश्चिमेकडच्या एका संघानं त्याला उन्हाळी शिबिराला बोलावलं. तो तिथं शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकला. मग एका सकाळी खोलीच्या दारावर टकटक झाली. दारातला माणूस म्हणाला, कोचनी बोलावलंय, डावांचं पुस्तक बरोबर घेऊन ये. पुस्तक बरोबर आणायला सांगितलं की घरी पाठवतात, हे सगळ्यांना माहीत असतं. फोनवर त्यानं मला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. वर्षभर तो आईकडं राहिला, गोदामात काम केलं, पहाटे पळत राहिला. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका संघानं बोलावलं.

त्या वेळी तो परत आला तो मानेला पट्टा लावून. आम्ही एडिसनला ओक ट्री रोडवर भेटलो, डोसा मिळतो अशा ठिकाणी. त्याला मान खाली करता येत नव्हती, त्यामुळं ताटात काय आहे ते दिसत नव्हतं. हातानं चाचपत तो डोशाचा तुकडा तोडायचा आणि चटणी कुठं आहे ते मला विचारायचा. शेजारच्या टेबलावरचं लहान मूल त्याच्याकडं टक लावून बघत होतं. त्यानं त्या मुलाला डोळा मारला.

"सरावाचा सामना होता," तो म्हणाला. "मोसम सुरूही झाला नव्हता. चेंडू फार उंच गेला. डाव्या बाजूनं येणारा मला दिसला होता."

"मग हात वर करायला वेळ होता?"

"खूप वेळ होता."

त्यानं पाणी मागितलं.

"पडल्यावर मला गवत दिसत होतं," तो म्हणाला. "अगदी जवळून. पण माझे हात कुठं आहेत ते कळत नव्हतं. मी शोधत होतो. कुणीतरी म्हणालं बोटं हलव, तर कुठली बोटं हेच समजेना. अँब्युलन्समध्ये हळूहळू मुंग्या आल्या. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नाही."

डॉक्टरांनी खेळणं बंद करायला सांगितलं होतं. खेळ सुटल्याचं दुःख वगैरे तो काही बोलला नाही. मला वाटतं ते होतं, पण ते त्यानं स्वतःपाशी ठेवलं. जाताना त्यानं आईसाठी जिलबी बांधून घेतली.

पुढचं वर्ष त्यानं पार्सल पोचवायची गाडी चालवली. मान बरी झाली, पण पूर्ण वळत नसे, म्हणून आरसे मोठे लावून घेतले होते. २००६च्या सुमाराला एडिसनजवळच्या एका गावातल्या हायस्कूलनं त्याला फुटबॉलचा दुय्यम कोच म्हणून घेतलं. मुख्य कोच वेगळे होते. किकचे सगळे डाव ह्याच्याकडं. त्याच वर्षी माझी पीएच.डी. संपली आणि मला औषधांच्या कंपनीत नोकरी लागली. ऑफिसातून घरी जाताना ते मैदान वाटेत पडायचं. कधीकधी मी गाडी लावून कुंपणापाशी उभी राहायचे.

त्याची शिकवायची पद्धत मला आधी विचित्र वाटली. चेंडू वर फेकायचं एक यंत्र होतं. मुलं एकेक करून त्याखाली उभी राहायची. पहिले कित्येक दिवस त्यानं त्यांना पळूच दिलं नाही. चेंडू वर गेला की तो ओरडायचा, "किती?" मुलानं वर न बघता समोरून किती जण येतायत ते सांगायचं, मग वर बघायचं, मग ठरवायचं. जवळ कुणी आला असेल तर हात वर. मुलं वैतागायची. त्यांनी टीव्हीवर हात वर करणारे हिरो पाहिलेले नव्हते.

"तूच शिकवतोस हे," मी एकदा म्हणाले.

"मग कोण शिकवणार?" तो म्हणाला.

२००७च्या शरदात बाबा माझ्याकडं आले. ते नुकतेच निवृत्त झाले होते. आई भावाच्या बाळासाठी नागपूरलाच थांबली होती. बाबांना दिवसभर घरात करमत नसे. मी ऑफिसात गेले की ते सोसायटीत चकरा मारायचे आणि संध्याकाळी मला शेजाऱ्यांच्या कुत्र्यांबद्दल सांगायचे. एका शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना हायस्कूलच्या सामन्याला घेऊन गेले. शुक्रवारचे ते सामने म्हणजे सगळं गाव जमा होतं, बँड वाजतो, लोक घोंगड्या पांघरून बाकांवर बसतात.

"हा पोरगा एकटा काहून उभा आहे तिकडं?" बाबांनी विचारलं. मी त्यांना नियम सांगितला.

"म्हणजे हात वर केले की सुटका," ते म्हणाले. "आपल्याकडच्या साहेबलोकांसारखंच."

एकट्या उभ्या असलेल्या मुलाचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष होतं. तो खरंच वेगवान होता. त्याला बघायला त्या संध्याकाळी एका मोठ्या कॉलेजची माणसं आली आहेत, असं बाकांवर बोललं जात होतं. उत्तरार्धात समोरच्यांनी चेंडू उंच लाथाडला. तो वर असतानाच दोन जण मुलाच्या अगदी जवळ पोचले होते. मैदानाच्या कडेला आमच्या कोचनं, म्हणजे माझ्या त्या मित्रानं, स्वतःचा हात वर केला आणि मोठ्यानं सांगितलं. मुलानं तिकडं पाहिलं. मला खात्री आहे की पाहिलं. त्यानं हात वर केला नाही. चेंडू झेलला, एका जणाचा धक्का खांद्यावरून निसटला, दुसरा त्याच्या पायाशी पडला, आणि पुढचं सगळं मैदान मोकळं होतं. तो थेट दुसऱ्या टोकाला जाऊन थांबला.

लोक उभे राहिले. बाबाही उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोचनं टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलगा हसत बाहेर आला तेव्हा त्यानं त्याला बाजूला घेतलं, हेल्मेटच्या जाळीला धरून जवळ ओढलं आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. मुलाचं हसू गेलं. तो सामना आम्ही जिंकलो.

पुढच्या शुक्रवारी तो मुलगा बाकी डावांत खेळला, पण किक झेलायला त्याला पाठवलं नाही. त्याच्या जागी दुसरा उभा राहिला. त्यानं दर वेळी इमानदारीत हात वर केला. आम्ही थोडक्यात हरलो.

सामना संपल्यावर मी आणि बाबा कोचला भेटायला खाली उतरलो, तेव्हा त्या मुलाचे वडील तिथं आधीच पोचले होते. आडव्या अंगाचे, कामाच्या जॅकेटमध्ये. त्यांनी आवाज चढवला नव्हता.

"माझ्या पोराला तू का बसवलंस?"

"मी त्याला सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही."

"त्यानं पॉइंट मिळवले. आज ती कॉलेजची माणसं पुन्हा आली होती, आणि त्यांना काय दिसलं?"

कोच गवतावरचे चेंडू पिशवीत भरत राहिला.

"तू इथल्याच कॉलेजात खेळायचास. मी तुझे सामने पाहिलेत, तिकीट काढून. तू कधी हात वर केलास?"

"नाही."

त्या माणसाला वाटलं, हा अजून काही बोलेल. तो वाट बघत थांबला. मानेबद्दल कोच सांगेल असं मला वाटलं होतं, आणि ते सांगितलं असतं तर सगळं मिटलं असतं. शेवटी वडील मान हलवून निघून गेले.

बाबांना हे सगळं कळलं नव्हतं. मी मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "पोरगा जिंकून आला आणि यानं त्याला बसवलं? मी नसतं बसवलं."

"काय म्हणतायत?" कोचनं मला विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं.

तो बाबांकडं वळला, पूर्ण अंगानंच, कारण मान तेवढी वळत नसे. "त्यांना विचार, त्यांचा एखादा खेळाडू मोडला का कधी."

मी विचारलं. बाबा कॅप काढून डोकं खाजवायला लागले. "एक होता. चढाईत गुडघा गेला. चांगला पोरगा. पोस्टात आहे आता."

"भेटतो का?"

"दर भीमजयंतीला घरी येतो. लंगडतच येतो. पेढे आणतो."

मी भाषांतर केलं. भीमजयंती म्हणजे काय हेही थोडक्यात सांगितलं. कोचनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते नशीबवान आहेत."

बाबांना ते मी सांगितलं नाही, कारण ते गुडघा मोडलेल्याला म्हणाला की बाबांना, हे मला कळलं नाही. गाडीत बाबांनी पट्टा लावला. मग म्हणाले, "तरी मी नसतं बसवलं. पण माणूस खोटा नाही तो."

शाळेत तक्रार झाली. मुख्य कोचनी त्याला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की निदान आधी मला विचारायचं. तो मुलगा मात्र पुढच्या सोमवारी स्वतः होऊन यंत्राखाली येऊन उभा राहिला. उरलेल्या मोसमात त्यानं काही वेळा हात वर केला, काही वेळा पळाला. पुन्हा टोकापर्यंत जाणं काही जमलं नाही. मोठ्या कॉलेजचं बोलावणं आलं नाही. एका लहान कॉलेजनं घेतलं. वडिलांनी याचा दोष कोचला दिला आणि गावात तसं सांगितलंही. त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मला म्हणता येत नाही. ती माणसं काय बघून गेली आणि कशामुळं परत आली नाहीत, हे कुणालाच कळायला मार्ग नव्हता.

२००८च्या वसंतात शाळेनं कोचला सांगितलं की पुढच्या वर्षी त्या जागी दुसरा माणूस येईल. कारण दिलं नाही. त्यानं विचारलंही नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात त्याचे जुने प्रशिक्षक गेले होते. त्यांनी त्याला किकचे डाव शिकवायला बोलावलं. जूनमध्ये त्यानं भाड्याची खोली रिकामी केली. सामान उचलू लागायला मी गेले होते. फार नव्हतंच. त्याची आई शेवटी एक रोप घेऊन आली आणि ते पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवलं.

"तुझे बाबा कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"बरे आहेत. आता नागपूरला परत त्याच शाळेत सकाळी जाऊन बसतात. नव्या सरांना सूचना देतात."

"ऐकतात का ते?"

"नाही."

तो हसला. त्याला असं मोकळं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

त्याच शरदात मी नोकरी बदलून लांब दुसऱ्या राज्यात, ईडन प्रेरीला गेले. अंतर वाढलं तसे फोन कमी झाले. शेवटचा फोन आला तेव्हा मी तिथल्या इंडियन ग्रोसरीत मटकी शोधत होते. तो म्हणाला, कॉलेजचं मैदान टेकडीवर आहे, वारा कुठून येईल सांगता येत नाही, चेंडू हवेतच दिशा बदलतो आणि पोरं भांबावतात. आईला इकडंच बोलवून घ्यायचा विचार आहे, पण ती बस सोडायला तयार नाही. दुकानातल्या काकूंनी मला खूण करून मटकीचं शेल्फ दाखवलं. मी त्याला म्हणाले, नंतर करते फोन. तो म्हणाला, सावकाश कर, घाई नाही.